जाळीची वीण किती बारीक हवी?



चालकांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही तो भीतभीतच सांगितला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, दिवसभराच्या उकाड्यानंतर, माणसे जरा गार वाऱ्याला बसायला म्हणून येतात आणि त्यांच्यापुढे आपण इंजिनिअरांच्या हिशेबाची वीण उसवत बसायचे, हे काही फारसे दयाळूपणाचे नव्हे. तरीही विषय सोडवेना. कारण ज्या पुलावरून आपण येथे आलात आणि ज्या धरणाचे पाणी आज सकाळी आपल्या नळाला आले, त्यांची भरवशाची बाजू पुष्कळशी याच हिशेबावर उभी असते. हा हिशेब आता यंत्र करते, रंगीत चित्र काढून दाखवते, आणि त्या चित्राकडे पाहून भलेभले गप्प बसतात. त्या चित्रावर विश्वास केव्हा ठेवावा आणि केव्हा ठेवू नये, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आरंभ कोकणातून करू. नांदगावचे गणेश दैवज्ञ आपल्याला ठाऊक आहेत ते ‘ग्रहलाघवा’मुळे. कित्येक पिढ्यांची पंचांगे त्या ग्रंथावर झाली. याच गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट असतो, हे काढण्याची एक रीत तीत सांगितली आहे. १०० व्यासाचे वर्तुळ घ्यावे, त्यात बारा सारख्या बाजूंची आकृती बसवावी, तिची परिमिती काढावी. मग बाजू दुप्पट करून चोवीस कराव्या, पुन्हा दुप्पट करून अठ्ठेचाळीस, अशा करत ३८४ बाजूंपर्यंत जावे. बाजू जितक्या लहान, तितकी ती आकृती वर्तुळाला जाऊन चिकटते.

हा हिशेब आम्ही आजच्या आकड्यांनी करून पाहिला. बारा बाजूंची परिमिती ३१०.५८३ येते. चोवीस बाजूंची ३१३.२६३, अठ्ठेचाळीसची ३१३.९३५, शहाण्णवची ३१४.१०३, एकशे ब्याण्णवची ३१४.१४५ आणि ३८४ बाजूंची ३१४.१५६. खरा परीघ ३१४.१५९ आहे. आता उत्तरांकडे पाहू नका, दोन उत्तरांमधल्या फरकाकडे पाहा. पहिला फरक २.६८०, दुसरा ०.६७२, तिसरा ०.१६८, चौथा ०.०४२. दर खेपेस फरक चौथाईवर येतो आहे. खरा परीघ किती, हे ज्याला मुळीच ठाऊक नाही त्यालासुद्धा या ओळीवरून कळते की आपण कशाच्या तरी जवळ जात आहोत, आणि किती वेगाने जात आहोत. उलट कोणी एकटा ३१३.२६३ हा आकडा आणून हातात ठेवला, तर तो चांगला की वाईट हे त्या आकड्याकडे जन्मभर पाहत बसले तरी उमगायचे नाही. एकट्या उत्तराला तोंड नसते. दोन झाली की ती बोलू लागतात, आणि तिसरे आले म्हणजे ती खरे बोलत आहेत की नाही ते समजते.

येथे एक गंमत सांगून टाकू. फरक दर वेळी चौथाई होतो हे कळले, म्हणजे पुढच्या सगळ्या फरकांची बेरीज शेवटच्या फरकाच्या चौथाईने सुरू होऊन एक तृतीयांशावर जाऊन थांबते. तेव्हा बारा आणि चोवीस बाजूंची दोनच उत्तरे घ्या, त्यांच्या फरकाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ०.८९३, चोवीसच्या उत्तरात मिळवा. येतात ३१४.१५६! जे ३८४ बाजूंपर्यंत घाम गाळून मिळाले, ते दोन ढोबळ उत्तरांच्या शहाण्या वजाबाकीतून मिळाले.

ही युक्ती इंजिनिअरिंगच्या हिशेबात आणली ती लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थाने. १९१० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने जो निबंध मांडला त्याचा विषय होता दगडी धरणाच्या पोटातले ताण. त्याने धरणाच्या छेदावर चौकटींची जाळी आखली आणि प्रत्येक बिंदूवरचा हिशेब शेजारच्या बिंदूंवरून पुन्हापुन्हा सुधारत नेला. यंत्र नव्हतेच, हिशेब करायला मुले ठेवली होती आणि त्यांना कामाप्रमाणे दाम होता, तीन आकडी संख्या असली तर बिंदूमागे पेनीचा सहावा हिस्सा. एका चलाख मुलाने आठवड्याला सरासरी दोन हजार हिशेब केले, त्यात चुकलेले धरलेले नाहीत, असे रिचर्डसनने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले आहे. मजुरी अशी बिंदूगणिक मोजावी लागली म्हणजे माणूस जाळी उगाच बारीक करत नाही. ढोबळ जाळीचे एक उत्तर आणि थोड्या बारीक जाळीचे दुसरे, यांवरून खरे उत्तर ताडायचे, हा त्याचा मार्ग काटकसरीतून आलेला आहे.

आज जी पद्धत सर्वत्र चालते तिला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. रिचर्डसनची रीत वेगळी, पण जाळीचा संसार तोच. कुरांट या गणितज्ञाने १९४३ साली तिचे बीज मांडले, विमानांच्या पंखांचा हिशेब करणाऱ्या टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ साली तिला व्यवहारात आणले, आणि अमेरिकेतल्या बर्कलीच्या रे क्लफ यांनी १९६० साली तिचे बारसे केले. कल्पना सोपी आहे. वस्तू केवढीही वेडीवाकडी असो, तिचे लहान लहान त्रिकोण किंवा चौकोन पाडायचे. भाराखाली प्रत्येक तुकडा काहीतरी अगदी साध्या रीतीने वाकतो किंवा ताणला जातो असे मानायचे. तुकडे कोपऱ्यांत एकमेकांना बांधायचे, आणि प्रत्येक कोपऱ्यातली ओढाताण समतोल राहील असे हजारो समीकरणांतून सोडवायचे. परिभाषेत ज्याला ‘प्रतिबल’ म्हणतात त्याला आम्ही आज सरळ ताण म्हणत आहोत, मग तो ओढीचा असो, दाबाचा असो, की कात्रीच्या दोन पात्यांत कागद सापडावा तसा कातरणारा असो.

सगळी मेख त्या ‘मानायचे’ या शब्दात आहे. तुकडा साध्या रीतीने वाकतो असे आपण मानले. खरी वस्तू तशी वाकत नाही. तुकडे मोठे असले तर ही मानीव गोष्ट वस्तूला आहे त्यापेक्षा ताठर करून दाखवते. तुकडे लहान करत गेलो की खोटेपणा कमी होतो, जसा बहुभुजाचा कमी झाला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वस्तू किती वाकली हे उत्तर लवकर जाग्यावर येते. ताण किती हे उत्तर मागून, लंगडत येते. घाटाच्या नकाशात प्रत्येक ठिकाणची उंची साधारण बरोबर असली तरी नेमक्या एका वळणावरचा चढ किती, हे त्या नकाशावरून काढताना चूक मोठी होते. तसेच हे आहे. म्हणून वाकणे जुळले एवढ्यावर हायसे वाटून घेणारा इंजिनिअर ताणाच्या बाबतीत फसतो.

एक उदाहरण असे आहे की ज्याचे खरे उत्तर कागदावर मिळते. रुंद पत्र्यात एक वाटोळे भोक आहे आणि पत्रा दोन्हीकडून ओढला जात आहे. भोकाच्या अगदी कडेला ताण तिप्पट होतो, हे जर्मनीच्या कर्श याने १८९८ साली सिद्ध केले. आता कडेला लागून एक चौकोन घ्या आणि त्याच्या मध्यावरचा ताण हाच साऱ्या चौकोनाचा ताण असे धरा. चौकोन भोकाच्या त्रिज्येएवढा असेल तर उत्तर येते दीडपट. निम्मा केला तर १.९३, आणखी निम्मा केला तर २.३३, मग २.६२, मग २.८०. तीनकडे जात आहे खरे, पण पहिल्याच जाळीवर जो थांबला त्याने अर्धा ताण हरवला. आणि पत्रा जेथे फाटायचा तेथेच तो हरवला आहे. भोकापासून लांब त्याचे सगळे आकडे उत्तम असतील.

आपल्या घरांतल्या बायकांना हे तत्त्व शिकवावे लागत नाही. ठिपक्यांची रांगोळी काढताना मैदान भरायचे असेल तर ठिपके विरळ चालतात, मोराची मान काढायची तर तेथे दाटी करावी लागते. साऱ्या अंगणभर दाट ठिपके घातले तर सकाळ सरेल. जाळीचेही तसेच. सपाट आकृतीत तुकड्याची बाजू निम्मी केली की तुकडे चौपट होतात, भरीव वस्तूत आठपट. म्हणून सगळीकडे बारीक करणे हा भाबडेपणा. जेथे ताण झपाट्याने बदलतो तेथे बारीक करणे, आणि पुन्हा हिशेब करून उत्तर हलले की नाही ते पाहणे, ही रीत.

ही रीत पाळली नाही तर काय होते, ते नॉर्वेत घडले. उत्तर समुद्रातून वायू काढण्यासाठी ‘स्लाइप्नर ए’ नावाचा प्लॅटफॉर्म बांधायचा होता. आपल्या मुंबईजवळच्या समुद्रातले प्लॅटफॉर्म पोलादी पायांवर उभे आहेत. हा काँक्रीटच्या बैठकीवर उभा राहायचा होता, ८२ मीटर खोल पाण्यात. बैठक म्हणजे धान्याच्या चोवीस अवाढव्य कणग्या एकमेकींना चिकटवून उभ्या कराव्या तशी. त्यांतल्या चार वर वाढत जाऊन खांब झालेल्या, आणि त्या खांबांवर सत्तावन्न हजार टनांचा माळा बसायचा. गोल कणग्या जेथे एकमेकींना टेकतात तेथे मध्ये तिकोनी पोकळ्या राहतात. या पोकळ्या वरून समुद्राला उघड्या, म्हणून त्यांत पाणी भरणार आणि ते बाहेर रेटणार. कणगीच्या आत मात्र तेवढे पाणी नाही. सारा भार आला त्या तिकोनी पोकळीच्या भिंतींवर, आणि त्यातही भिंती जेथे मिळतात त्या कोपऱ्यांवर.

२३ ऑगस्ट १९९१ रोजी, स्टाव्हँगरजवळच्या खाडीत, माळा बसवण्याच्या तयारीसाठी ती बैठक हळूहळू पाण्यात उतरवली जात होती. आत मोठा आवाज झाला आणि पाणी घुसू लागले. पंपांना ते आवरले नाही. वर असलेली माणसे सुखरूप उतरली, हे भाग्य. बैठक बुडाली, जाताना खोलीतल्या दाबाने तिच्या कणग्या फुटल्या, आणि २२० मीटर खोल तळावर ती आपटली तेव्हा भूकंपमापकांवर रिश्टर ३ ची नोंद झाली. खाली उरला ढिगारा. नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलर.

चौकशी झाली. हिशेबाचे यंत्र बिघडले नव्हते, आज्ञावलीही चुकली नव्हती. ती जगभर वापरलेली, नामांकित आज्ञावली होती. चुकली होती जाळी. त्या तिकोनी पोकळ्यांच्या कोपऱ्यांशी तुकडे मोठे होते आणि ओढूनताणून तिरके झालेले होते. त्यामुळे भिंतीतला कातरणारा ताण प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी निघाला. ताण कमी म्हणून भिंत पातळ, आणि सळयाही बेताच्या. त्यात कोपऱ्यातल्या डोके असलेल्या ज्या सळयांनी भेग अडवायची, त्या पुरेशा लांब घेतल्या नव्हत्या. म्हणजे दोष सगळाच जाळीवर ढकलणे बरोबर नव्हे. परंतु अपघातानंतर बारीक आणि नीट जाळीने तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा ही भिंत ६२ मीटर पाण्याखाली फुटेल असे उत्तर आले. ती प्रत्यक्षात ६५ मीटरवर फुटली होती.

या गोष्टीत आम्हांला सर्वांत जास्त टोचते ते असे. बारीक जाळीचा हिशेब करायला नवी विद्या लागली नाही. लागले असते ते फक्त काही दिवस, आणि एक संशयी माणूस. शिवाय एक भिंत, तिच्यावर पाण्याचा दाब, दोन टोकांना आधार, एवढा हिशेब पदवीचा विद्यार्थी कागदावर करू शकतो आणि त्यातून कातरताण सारा बरोबर नाही तरी पुष्कळ जवळ येतो. तो कागद आणि ते रंगीत चित्र शेजारी शेजारी ठेवले असते, तर चित्राची लबाडी उघडी पडली असती. नवी बैठक बांधली गेली आणि १९९३ साली ती समुद्रात उभी राहिली.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग जाळी बारीक करत जावी म्हणजे झाले. येथे दुसरी खोच आहे, आणि तिने आमची स्वतःची फजिती केलेली आहे. उमेदवारीच्या काळात एका काटकोनी आधाराचा हिशेब आमच्याकडे आला. नियमाप्रमाणे जाळी निम्मी केली. आतल्या कोपऱ्यातला ताण वाढला. पुन्हा निम्मी केली. पुन्हा वाढला, जवळजवळ तितक्याच पटीने. दोन रात्री आम्ही यंत्राला आणि स्वतःला दोष देत काढल्या. एका वडीलधाऱ्या इंजिनिअरांनी कागद पाहिला आणि ते हसून म्हणाले, “अहो, तुम्ही टोकाला टोक विचारताय!” कोपरा गणिताने अणकुचीदार काढला, तर तेथला ताण खरोखरीच अनंत असतो. विल्यम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५२ साली हे मांडले. आतल्या काटकोनी कोपऱ्यात तुकडा निम्मा केला की ताण साधारण १.३७ पटीने वाढतो, आणि असा तो कधीच न थांबता वाढत राहतो. वर्तुळाच्या उदाहरणात फरक चौथाई होत होता. येथे फरक उलट मोठा होत जातो. उत्तर स्थिरावत नाही कारण स्थिरावायला उत्तरच नाही. खऱ्या वस्तूत कोपऱ्याला थोडी गोलाई असते, ती चित्रात दाखवली की ताण पुन्हा माणसात येतो.

हा कोपरा आपल्या महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे, म्हणून तिकडे वळतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण त्याच्या उंच भागांत दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. भेगा कोठे, तर कोरड्या बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास. त्या धरणाचा छेद डोळ्यांपुढे आणा: पायाशी जाडी ७० मीटर, ६६.५ मीटर उंचीवर ती १९.२५ वर येते, आणि तेथून वर माथ्यापर्यंत भिंत जवळजवळ उभी जाते. त्या जागी उतार सुमारे तीस अंशांनी मोडतो. काटकोनाइतका तीक्ष्ण नाही, पण आतला कोपराच तो.

बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३ साली याच फायनाइट एलिमेंट पद्धतीने, भूकंपाच्या नोंदलेल्या हादऱ्यांखाली या धरणाचा हिशेब प्रसिद्ध केला, आणि मोठी ओढ त्यांना उतार मोडतो त्याच उंचीपाशी सापडली. तेव्हापासून कोयनेचा छेद हा जगभरच्या संशोधकांचा सरावाचा नमुना होऊन बसला आहे. परंतु कोणी त्या कोपऱ्यातला ताण नेमका किती असे विचारू लागला, तर त्याची आमच्यासारखीच गत होईल. कोनाच्या मापावरून आम्ही काढून पाहिले: पुरेशा बारीक जाळीवर तुकडा निम्मा केला की दर खेपेस तेथला ताण जवळजवळ पाचव्या हिश्श्याने चढत जातो. म्हणजे जाळीची वीण ठरवणारा माणूस हवा तो आकडा काढून देऊ शकेल! म्हणून जाणते लोक तेथे प्रश्न बदलतात. ताण किती असे न विचारता, भेग पुढे सरकायला काँक्रीट किती ऊर्जा खाते आणि भूकंप तेवढी पुरवतो का, असे विचारतात. स्वीडनच्या हिलरबोर्ग यांनी १९७६ साली काँक्रीटसाठी ही वाट घालून दिली. त्या प्रश्नाचे उत्तर जाळी बारीक केल्यावर जाग्यावर राहते.

आणि कोयनेची अजून एक बाजू आहे, ती सांगितल्यावाचून आम्ही थांबलो तर जाळीची नाहक भलावण केल्यासारखे होईल. धरणाचा मूळ आराखडा करताना भूकंपासाठी वजनाच्या ०.०५ पट आडवे बल धरले होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते रास्तच होते, आणि त्या बलाखाली धरणात कोठे काळजी करण्याजोगी ओढ दिसत नव्हती. हाच हिशेब आज कितीही बारीक जाळीने केला तरी तो कोपरा सोडून उत्तर सुरेख स्थिरावेल, दोन जाळ्यांतला फरक कमी होत होत नाहीसा होईल, आणि ते उत्तर ११ डिसेंबरच्या पहाटेबद्दल काहीएक सांगणार नाही. जाळी बारीक केल्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पक्के होते. प्रश्नच तोकडा असेल तर तो तोकडाच राहतो. स्लाइप्नरला प्रश्न बरोबर होता आणि जाळी ढोबळ होती. कोयनेला जाळीचा प्रश्नच आला नव्हता, जमीन किती हलेल हेच कोणाला ठाऊक नव्हते.

कोयनेच्या भेगा भरल्या गेल्या, कोरड्या बाजूने काँक्रीटचा भक्कम आधार चढवला गेला, आणि धरण आपले काम करत आहे. पुढे कधी त्या बाजूला गेलात तर खालून वर पाहा. भिंत कोठे मोडते ते नजरेला सहज सापडते.

वेळ झाली आहे, आणि अध्यक्षांच्या घड्याळाकडे आमचे लक्ष आहे.  कोणाला वर्तुळाचे आकडे घरी ताडून पाहायचे असतील त्यांनी ते येथे फळ्यावरून उतरून घ्यावेत.